प्रतिकारशक्ती वाढवण्याआधी तिला आवरणाऱ्या पेशींना खाऊ घाला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे सांगणाऱ्या जाहिरातींना ऊत येतो. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही औषधाच्या दुकानात काढे, पावडरी आणि पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या दर्शनी फळीवर मांडलेल्या असतात. त्या घेणाऱ्यांत सोरायसिसचे, सांधे सुजण्याच्या आमवाताचे, हाशिमोटो थायरॉइडचे आणि दम्याचे रुग्णही असतात. या आजारांत प्रतिकारयंत्रणा कमी पडलेली नसते. कुठे थांबायचे, हे तिला उमगलेले नसते. अशा माणसाला 'ती आणखी वाढवा' हा सल्ला देणे चुकीचे आहे, आणि तो कोकणात सर्रास दिला जातो. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आपल्या रक्तात शरीरावरच उलटू शकतील अशा टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) निरोगी माणसातही असतात. त्यातल्या बऱ्याचशा छातीतल्या थायमस ग्रंथीत बाद होतात, पण सगळ्या नाही. उरलेल्यांना धाकात ठेवायला नियामक टी पेशी असतात. डॉक्टर मंडळी त्यांना 'ट्रेग' म्हणतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. २००१ मध्ये अमेरिकेतल्या मेरी ब्रुनको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना त्यांचा कळीचा जनुक सापडला, फॉक्सपी-३. हा जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि अंगभर एक्झिमा होतो, कारण त्यांच्या टी पेशींना आवर घालणारे कोणी उरत नाही. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या बातम्या सगळीकडे आल्या, पण या पेशींचा आपल्या ताटाशी काय संबंध आहे हे मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

संबंध असा. काही ट्रेग थायमसमध्ये तयार होतात, तर काही आतड्याच्या भिंतीत साध्या टी पेशींपासून नव्याने घडतात. आतड्यातून रोज परके अन्न आणि अब्जावधी जिवाणू जात असतात. त्यांच्यावर हल्ला करायचा नाही, हे या दुसऱ्या प्रकारच्या पेशी ठरवतात. जनुक तर प्रत्येक पेशीत तेच असतात. कोणता उघडा राहील आणि कोणता बंद, हे डीएनएवर आणि ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती तो गुंडाळलेला असतो त्यांच्यावर लागलेल्या रासायनिक खुणा ठरवतात. मिथाइल गट हा साधारणपणे दाराला घातलेल्या कडीसारखा, तो लागला की जनुक मिटतो. हिस्टोनवर ॲसिटाइल गट चढले की गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येतो. एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच. या खुणा घालायला आणि काढायला लागणारा कच्चा माल पेशीला अन्नातूनच मिळतो.

फॉक्सपी-३ जनुकाच्या आत एक छोटा पट्टा आहे. पक्क्या, जुन्या ट्रेगमध्ये त्या पट्ट्यावरचे मिथाइल गट निघालेले असतात. नव्याने घडलेल्या ट्रेगमध्ये ते अजून तसेच असतात. वरून पाहता दोन्ही पेशी सारख्याच दिसतात, दोन्ही फॉक्सपी-३ बनवतात. पण आजूबाजूला सूज भडकली की दुसरी पेशी फॉक्सपी-३ बनवणे सोडून देते आणि कधी कधी हल्लेखोरांनाच जाऊन मिळते. म्हणून ट्रेग किती आहेत एवढ्याने भागत नाही, त्या पक्क्या झाल्या आहेत का हेही बघावे लागते.

हे मिथाइल गट काढण्याचे काम टेट नावाची विकरे (एन्झाइम) करतात. त्यांना लोह, प्राणवायू आणि पेशीच्या ऊर्जाचक्रातला अल्फा-कीटोग्लुटारेट हा पदार्थ लागतो. व्हिटॅमिन सी त्यातले लोह कामाच्या अवस्थेत ठेवते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ट्रेग घडवताना व्हिटॅमिन सी घातल्यावर तो पट्टा मोकळा झाला आणि पेशी टिकाऊ झाल्या. जाहिरातवाल्यांनी एवढेच उचलले. ते जे सांगत नाहीत ते असे, की प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या नेहमीच्या द्रावणांत व्हिटॅमिन सी मुळीच नसते. म्हणजे प्रयोगात तुलना झाली ती 'अजिबात नाही' आणि 'पुरेसे आहे' यांची. 'पुरेसे' आणि 'दहापट' यांची तुलना झालेलीच नाही. माणसाच्या रक्तातली पातळी दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास जवळजवळ स्थिरावते, वरचे लघवीवाटे जाते. १००० मिलिग्रॅमच्या दोन-तीन गोळ्या रोज घेणाऱ्याला ट्रेग जास्त मिळतात, असा पुरावा नाही. मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर खडे बनवणारे ऑक्झलेट मात्र वाढते. मे महिन्यात घामाने आधीच लघवी दाट झालेली असताना तर हे नकोच. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दिलेली शिफारस पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅमची आहे. एका मध्यम पेरूत ती भरून वर उरते.

आणि आपल्याकडे तर काजूचे बोंडू कुजत पडलेले असतात! शंभर ग्रॅम बोंडात साधारण २०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी असते, संत्र्याच्या तीन-चार पट. गोव्यात बोंडापासून फेणी तरी गाळतात; सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बहुतेक बागांत बी पिळून घेतली की बोंडू झाडाखालीच टाकला जातो. अडचण दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे तो दिवसभरात नरम पडून आंबायला लागतो. दुसरे म्हणजे त्यातल्या टॅनिनने घसा धरतो. जमिनीवर पडलेला नव्हे, झाडावरून तोडलेला पिकला बोंडू घ्यावा, धुऊन चिरून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवावा आणि त्याच दिवशी खावा. रस काढायचा असेल तर लिटरभर रसात साधारण अर्धी वाटी तांदळाची निवळ पेज मिसळून भांडे न हलवता ठेवावे. पेजेतला स्टार्च टॅनिनला धरून तळाशी बसतो, वरचा रस अलगद ओतून घ्यावा. स्टीलचे किंवा काचेचे भांडे वापरावे. लोखंडी भांड्यात रस काळा पडतो. खळाखळा उकळू नये, व्हिटॅमिन सी उष्णतेने जाते.

आता हिस्टोनकडे वळू, कारण आमच्या मते कोकणच्या स्वयंपाकघराची खरी ताकद तिथे आहे. न पचलेला तंतू आणि हट्टी, म्हणजे पचनरसाला दाद न देणारा, स्टार्च मोठ्या आतड्यात पोचला की तिथले ठरावीक जिवाणू तो आंबवून ब्युटिरेट बनवतात. हिस्टोनवरचे ॲसिटाइल गट काढणाऱ्या विकरांना ब्युटिरेट अडवते. ते गट टिकले की फॉक्सपी-३ उघडा राहतो. २०१३ मध्ये एकाहून अधिक गटांनी हे उंदरांत दाखवले. ब्युटिरेट चिकटवलेला स्टार्च खाऊ घातलेल्या उंदरांत मोठ्या आतड्यातल्या ट्रेग वाढल्या आणि आतड्याची सूज उतरली. माणसात इतका ठसठशीत पुरावा अजून नाही, पण यंत्रणा तीच आहे आणि ते जिवाणूही आपल्या पोटात आहेत.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे: 'तुपात ब्युटिरेट असते म्हणून रोज उपाशीपोटी दोन चमचे तूप प्या.' तुपात ते असते हे खरे, दुधाच्या स्निग्धांशात साधारण ३-४ टक्के. पण ते वरच्या आतड्यातच शोषले जाते आणि पुढे यकृतात वापरले जाते. जिथे हवे त्या मोठ्या आतड्यापर्यंत ते पोचतच नाही. तिथे ते पोचवायचा मार्ग एकच, जिवाणूंना तंतू देणे. तूप चवीला खा, या कामासाठी नको.

तंतू किती? पोषण संस्थेच्या हिशेबाने २००० कॅलरीच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात तो ३ ग्रॅमच्या आत असतो, नाचणीत सुमारे ११, कुळथात ८ च्या आसपास, चवळीत ११ च्या पुढे. दोन्ही वेळ पांढरा भात आणि माशाचे पातळ कालवण एवढ्यावर भागवणाऱ्या घरात हा आकडा निम्म्यावरही जात नाही. सकाळी नाचणीची भाकरी किंवा आंबील, दुपारी कुळथाची पिठी न करता अख्ख्या कुळथाची उसळ, सोबत टाकळा, शेवग्याचा पाला किंवा अळू, असे केले तर तो गाठता येतो. पण एकदम उडी घेऊ नये. ज्यांच्या पोटात हे जिवाणू थोडे उरले आहेत त्यांनी पहिल्याच दिवशी दोन वाट्या उसळ खाल्ली की पोट फुगते, कळा येतात आणि माणूस 'मला कडधान्य सोसत नाही' म्हणून कायमचे सोडतो. आठवड्याला साधारण ५ ग्रॅमने वाढवत न्यावे, चार-पाच आठवडे लागू द्यावेत. कुळीथ रात्रभर, आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे वात धरणाऱ्या साखरा बऱ्याच निघून जातात. आणि डॉक्टरांनी न लिहिलेली अँटिबायोटिक्स सर्दी-पडशाला घेऊ नयेत. महिनाभर जोपासलेले जिवाणू पाच दिवसांत मारले जातात.

फणसाच्या आठळ्या या बाबतीत फार मोलाच्या आहेत. पूर्वी त्या लाल मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवत, आता पुष्कळ ठिकाणी गरे काढले की फेकतात. उकडून थंड केलेल्या आठळीत हट्टी स्टार्च चांगला असतो. भात, बटाटा, आठळी, सगळ्यांचे तंत्र एकच. शिजताना सुटलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट जुळतो आणि पचनरसाला दाद देत नाही. मात्र उरलेल्या भाताबाबत एक इशारा दिलाच पाहिजे. आमच्या दमट हवेत ओट्यावर रात्रभर ठेवलेल्या भातात बॅसिलस सिरियस वाढतो. त्याची बीजे शिजवण्यातून जिवंत राहतात आणि त्याने एकदा उलट्यांचे विष तयार केले की भात परतून किंवा फोडणी घालूनही ते जात नाही. भात पसरट ताटात पसरून वाफ जाऊ द्यावी, तासा-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसेल तर भात ताजाच खावा, तंतू नाचणी-कुळथातून घ्यावा. तसेही एका रात्रीच्या गारव्याने भातात वाढणारा हट्टी स्टार्च शंभर ग्रॅमला एखाद्या ग्रॅमचाच असतो. त्यासाठी विषबाधेचा धोका पत्करू नये.

आता आंबवलेल्या पदार्थांविषयी. अमेरिकेत स्टॅनफर्डला २०२१ मध्ये झालेल्या छोट्या, ३६ माणसांच्या चाचणीत दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या पोटात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली सुजेची १९ प्रथिने उतरली. नुसता तंतू वाढवलेल्या गटात तसे सरसकट झाले नाही. घरचे ताक यात बसते. आंबोळी पौष्टिक आहे, पण तव्यावर जिवाणू मरतात, आणि सोलकढी आंबवलेली नसतेच. त्यांच्याकडून ही अपेक्षा ठेवू नये.

व्हिटॅमिन ए बद्दल थोडक्यात. आतड्यातल्या काही पेशी त्याचे रेटिनोइक आम्ल करतात आणि ते टी पेशीला ट्रेगच्या वाटेला लावते. लाल भोपळा, शेवग्याचा पाला, माठ यांतून ते मिळते, पण सोबत तेल किंवा खोबरे हवे, नाहीतर शोषले जात नाही. गरोदर बाईने माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूल स्वतःहून घेऊ नयेत. तयार व्हिटॅमिन ए दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेले की गर्भाला व्यंग येण्याची भीती असते. आणि आतडे आधीच सुजलेले असेल तर रेटिनोइक आम्ल उलटी भूमिका घेऊ शकते, हे २०११ मध्ये सिलियाक रोगाच्या (गव्हातल्या ग्लुटेनने आतडे सुजते तो आजार) संदर्भात दिसले आहे.

व्हिटॅमिन डी बद्दल माणसांवरचा मोठा पुरावा आहे. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ प्रौढ होते. रोज २००० युनिट घेणाऱ्यांत सुमारे पाच वर्षांत स्वयंप्रतिकार आजाराचे १२३ नवे रुग्ण निघाले, न घेणाऱ्यांत १५५. म्हणजे २२ टक्के कमी, पण मुळात आकडाच लहान आहे, हेही वाचकांना सांगावे. आपल्याकडे गोंधळ होतो तो ६०,००० युनिटच्या पाकिटाचा. 'आठवड्याला एक' असे लिहिलेले असताना ते रोज घेतले की रक्तात कॅल्शियम चढते, तहान-उलट्या सुरू होतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. औषध देणाऱ्याने पाकिटावर वार लिहून द्यावा, एवढ्याने हे टळते.

मिथाइल गट मुळात येतात ते फोलेट आणि बी-१२ च्या जोडीतून. इथे समतोल बिघडू देऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात, गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिसाद कमी आढळला. तो अभ्यास मधुमेहाच्या अंगाने होता, पण धडा इथेही लागू पडतो. तिसऱ्या, बांगडा, तारली खाणाऱ्या घरात बी-१२ ची सहसा ददात नसते. शाकाहारी गरोदर बाईला मात्र फोलिक ॲसिड लिहून देताना बी-१२ तपासलेच पाहिजे.

बाळांच्या बाबतीत तर सल्ला पार उलटा झाला आहे, आणि तो गावोगाव पोचायला हवा. ॲलर्जी होईल म्हणून अंडे, शेंगदाणा, मासा वर्ष-दोन वर्षे टाळायचा, असे अजूनही सांगितले जाते. २०१५ च्या 'लीप' चाचणीत तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे होती. ज्यांना शेंगदाणा नियमित दिला त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे ३ टक्के होती, टाळलेल्यांत १७ टक्के. कारण असे की तोंडावाटे आलेल्या प्रथिनाची आतड्यातल्या ट्रेगशी ओळख होते, तर फुटलेल्या, खाजऱ्या त्वचेतून शिरलेल्या प्रथिनाला शरीर शत्रू ठरवते. चाचणीतले प्रमाण आठवड्याला ६ ग्रॅम शेंगदाणा प्रथिन, म्हणजे जवळजवळ २५ ग्रॅम दाणे, तीन किंवा जास्त वेळा विभागून. सहा महिन्यांनंतर नाचणीच्या सत्वात भाजलेल्या दाण्याची अगदी बारीक, गुळगुळीत पेस्ट पातळ करून मिसळावी. अख्खा दाणा किंवा भरड कूट कधीच नको, श्वासनलिकेत अडकते. पहिल्या वेळी चमच्याच्या टोकावर द्यावे, दहा-पंधरा मिनिटे बघावे, मग उरलेले द्यावे. अंडे पूर्ण उकडून, मासा काटे नीट काढून. एका दिवशी एकच नवा पदार्थ. एक्झिमा जोरात असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. आणि एकदा सुरू केले की सोडू नये. सहा महिने देऊन मग वर्षभर बंद, असे केल्याने मिळवलेले हातचे जाऊ शकते.

किनाऱ्यावर आणखी एक घोळ रोज होतो. बांगडा किंवा कुपा खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते, डोके ठणकते आणि 'मासळीची ॲलर्जी' असा शिक्का बसतो. पुष्कळदा ती ॲलर्जी नसते. बर्फाविना पडून राहिलेल्या अशा माशात जिवाणू हिस्टामिन (ॲलर्जीत अंगावर पित्त उठवणारे तेच रसायन) तयार करतात, आणि ते तळून, शिजवून वा खारवूनही जात नाही. एकाच टोपलीतला मासा खाल्लेल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला तर कारण मासा आहे. होडीवरच एक किलो मासळीला एक किलो बर्फ, हे प्रमाण आमच्या उष्ण हवेत धरावेच लागते. बाजारात पाटीवर मांडल्यावर बर्फ घालून उपयोग नाही, हिस्टामिन आधीच झालेले असते. उगाच बसलेल्या शिक्क्यामुळे माणसे बांगडा-तारली सोडतात आणि त्यांच्यातले ओमेगा-३ आणि बी-१२ गमावतात.

कोळंबीचे तसे नाही. तिच्यातले ट्रोपोमायोसिन हे प्रथिन उकळूनही टिकते, त्यामुळे खरी ॲलर्जी असलेल्याला 'नीट शिजवून खा' म्हणणे धोक्याचे आहे. काहींना कोळंबी उकळतानाच्या वाफेनेही धाप लागते. अशा माणसाला नाचणी, बोंडू, ताक यांतले काहीही हरवलेली सहनशीलता परत मिळवून देणार नाही, आणि तसे छापूही नये. ओठ सुजणे, आवाज बसणे, धाप, चक्कर यांपैकी काही दिसले तर पहिले औषध ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत: मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. ॲलर्जीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड त्यानंतर. आधी ते देऊन वाट पाहण्यात वेळ जातो. रुग्णाला उठवून चालवू नये, आडवे ठेवावे, धाप लागली असेल तर टेकवून बसवावे आणि १०८ ला फोन करावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन असते. आपल्या दैनिकाने मासेमारीच्या हंगामाआधी एवढाच मजकूर चौकटीत छापला, तर बंदरावरच्या आणि कोळंबी सोलण्याच्या शेडमधल्या कामगारांच्या तो हाती पडेल.

आपले,
आहारशास्त्र व रोगप्रतिकारशास्त्र शिकवणारे काही अध्यापक,
रत्नागिरी